तंबूला खांब हवाच का?

(एस. वाय. बी. ए.)

गेल्या ऑगस्टमध्ये आपल्या वाङ्मय मंडळात 'टुरिंग टॉकीज' या विषयावर चर्चा झाली. ज्यांना ती आठवत असेल त्यांना हेही आठवत असेल, की त्या दिवशी मी एक अक्षरही बोलले नाही. सरांनी जत्रेतल्या तंबूचे वर्णन फार सुंदर केले. काळोखात उजळलेला तो तंबू, पडद्याच्या उलट्या बाजूला बसून चित्रपट पाहणारी माणसे, वाऱ्याने हलणारी कनात आणि मधोमध उभे असलेले ते उंच खांब! महाराष्ट्रातल्या या फिरत्या चित्रपटगृहांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेल्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाचा २०१६ साली कान महोत्सवात गौरव झाला, हेही त्यांनी सांगितले. सगळे भारावून ऐकत होते.

मग कुणीतरी मोबाईलवर एक छायाचित्र दाखवले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लडाखमधील लेह येथे, साडेअकरा हजार फुटांच्या उंचीवर, 'पिक्चरटाइम' नावाच्या कंपनीने हवेने फुगवलेले फिरते चित्रपटगृह उभे केले होते, त्याचे ते चित्र. एखादी प्रचंड गादी फुगवून ठेवावी तसे ते दिसत होते. "अरे, हा तर फुगा!" म्हणून सगळे हसले. "खांब गेले, तंबूचा प्राण गेला," असे आमच्या वर्गातला एक कवी म्हणाला आणि मग माझ्याकडे वळून, "तुझे वडील तंबूवर होते ना? तूच सांग." मी मान खाली घातली. लाजले म्हणून नव्हे. मला जे म्हणायचे होते ते त्या सभेत शोभले नसते.

ते आज लिहून काढते आहे. मित्रहो, मी त्या फुग्याच्या बाजूची आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वयाच्या चौदाव्या वर्षी एका टुरिंग टॉकीजच्या लॉरीवर चढले ते मी दुसरीत जाईपर्यंत त्या लॉरीवरून उतरले नाहीत. कोणती टॉकीज हे सांगत नाही. त्याने काही फरक पडत नाही. टुरिंग टॉकीज म्हटले की लोकांना मालक आठवतो, मशीनवरचा ऑपरेटर आठवतो, लाऊडस्पीकरवरून गाव गोळा करणारा आठवतो. आबा यांपैकी कुणीच नव्हते. ते तंबू ठोकणाऱ्यांतले होते. दिवाळीनंतर निघायचे, पुसेगाव करायचे, मांढरदेव करायचे, पुढे चैत्रातल्या जत्रा घ्यायच्या आणि वळवाचा पाऊस हाणायला लागला की घरी परतायचे. मग पावसाळाभर तंबूच्या फाटक्या पट्ट्या आमच्या पडवीत यायच्या आणि आई दाभण-सुतळी घेऊन त्या शिवत बसायची. मी अक्षरे गिरवली ती त्या कापडाच्या ढिगावर पालथी पडून. त्या कापडाला मेणाचा, धुराचा आणि ओल्या मातीचा असा मिळून एक वास होता. तुमच्या आठवणी असतात, तशा मलाही आहेत. पण मला पुढचेही माहीत आहे.

तंबू उभा कसा राहतो हे चित्रपट पाहायला आलेल्याला दिसत नाही, कारण तो येतो तेव्हा तंबू उभा असतो. लॉरी पहाटे मैदानात पोचते. पहारीने खड्डे घ्यायचे, चारी बाजूंनी घणाने मेखा ठोकायच्या, कापड जमिनीवर पसरायचे, त्याच्या काठांचे तणावे मेखांना सैल बांधायचे. मग मधले खांब. लोखंडी, दोन तुकडे एकमेकांत बसवून पिन मारलेले. एकाने बुडख्याशी पाय रोवायचा, चौघांनी खांद्यावर घ्यायचे, बाकीच्यांनी समोरून दोर ओढायचा आणि 'हईशा' करीत तो खांब, वरच्या सगळ्या कापडाच्या वजनासह, जमिनीपासून सरळ करायचा. अर्ध्यावर आला की तो कोणत्या बाजूला जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. आबा म्हणतात, "खांब हुबा असला की मेल्यावाणी असतो. हुबा हुताना आन् खाली येताना तेच्यात जीव येतो."

एका एप्रिलमध्ये तो असाच जिवंत झाला. संध्याकाळी अवकाळी पाऊस आला, काळ्या रानाची माती भिजली, वाऱ्याकडच्या दोन मेखा उपसून आल्या आणि मधला खांब कलला. प्रेक्षक अजून आत सोडले नव्हते, एवढे नशीब. आबा तणावा आवळायला आत धावले होते. उजव्या खांद्याचे हाड मोडले. दवाखान्याचे पैसे मालकाने दिले, आणि पुढच्या जत्रेला दुसरा माणूस घेतला. आजही आबा सदरा घालताना आधी उजवा हात बाहीत सारतात, मग डावा. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. आता ते एका मंडपवाल्याकडे आहेत. ओझे उचलत नाहीत. गाठी तपासतात आणि पोरांना ओरडतात.

तेव्हा खांबाच्या प्राणाविषयी कुणी बोलू लागले की मला त्या बाहीची आठवण होते. असो.

आता हवेविषयी. 'हवेने तंबू कसा उभा राहील?' असे विचारणाऱ्याने आपली सायकल आठवावी. तीन माणसे बसून जाणारी सायकल आपण पाहतोच. ते सगळे वजन रबराच्या नळीत कोंडलेल्या हवेवर असते. जॉन डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते १८८८ साली. आमच्या गावात लाकडी चाकाच्या बैलगाड्या जाऊन टायरगाड्या आल्या, तेव्हा गाडीचा प्राण गेला असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. बैलांनी तर नक्कीच म्हटले नसणार.

तंबूचेही तेच तत्त्व आहे. कापडाला स्वतःचे बळ नसते; ओढले तर ते ताठ राहते, ढकलले तर दुमडते. खांब आणि तणावे मिळून त्याला ओढून धरतात. नळीत हवा भरली की ती हवाच कापडाला आतून सगळीकडे ओढून धरते. अशी फुगवलेली नळी कमानीसारखी वाकवून तिची दोन टोके जमिनीवर टेकली की तोच खांब आणि तोच आढा. त्यावर कापड टाकले की तंबू झाला.

माझा मामेभाऊ तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकतो. त्याने यातले एक गणित सांगितले ते मला इतके आवडले की इथे दिल्यावाचून राहवत नाही. अशी नळी आडवी ठेवून मध्यावर वजन दिले, तर ज्या बाजूला कापड दाबले जाते तिथे आधी सुरकुती पडते. ती पडेपर्यंत नळी किती वजन पेलेल हे आतल्या दाबावर तर अवलंबून आहेच, पण त्याहून अधिक नळीच्या जाडीवर आहे. दाब तोच ठेवून जाडी दुप्पट केली, तर वाकण्याला होणारा तिचा विरोध आठपट होतो! मला हे खरे वाटेना. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बाजारातून प्लॅस्टिकच्या पिशव्या ज्यापासून करतात त्या अखंड नळीचे दोन रोल आणले, एक अरुंद, एक दुप्पट रुंद. टोके वर्तमानपत्राखाली धरून इस्त्रीने चिकटवली, तोंडाने फुंकून हवा भरली आणि दोन पाटांवर आडव्या ठेवून मध्ये माझी क्रमिक पुस्तके रचत गेलो. अरुंद नळी मराठी साहित्याच्या इतिहासालाच खाली बसली. रुंद नळीने तो पेलला, अर्थशास्त्र पेलले, राज्यशास्त्रही पेलले. बरोबर आठपट आले असे मी म्हणणार नाही, कारण इस्त्रीने चिकटवलेली टोके फुसफुसत होती. पण सुरकुती मी डोळ्यांनी पाहिली, आणि पुस्तके उचलताच ती नळी काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सरळ झालेली पाहिली. वाकलेला लोखंडी खांब असे करीत नाही.

हा खेळ मोठ्या प्रमाणावर फार पूर्वीच झालेला आहे, हे मला नंतर वाचनात आढळले. १९७० साली जपानमध्ये ओसाका येथे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे युताका मुराता या वास्तुशिल्पज्ञाने फुजी उद्योगसमूहासाठी एक दालन उभारले. पन्नास मीटर व्यासाच्या वर्तुळावर सोळा फुगवलेल्या नळ्या एकाला एक लावून कमानीसारख्या उभ्या केल्या होत्या. प्रत्येक नळी चार मीटर जाड आणि अठ्ठ्याहत्तर मीटर लांब. सगळ्यांची लांबी सारखी असल्यामुळे गंमत अशी झाली, की मधली कमान अर्धवर्तुळाची राहिली आणि कडेच्या कमानींचे पाय जवळ जवळ येत गेले तसतशा त्या उंच होत बाहेर झुकल्या. वादळी वारे सुटले की नळ्यांमधला दाब वाढवायची सोय होती, म्हणजे खांब वाऱ्याप्रमाणे घट्ट करता येत होता! आता मुख्य गोष्ट. या दालनात दाखवला जात होता चित्रपट: 'टायगर चाइल्ड', म्हणजे ज्या पद्धतीचे प्रचंड पडदे आज मुंबई-पुण्यात आहेत त्या आयमॅक्स पद्धतीचा जगातला पहिला चित्रपट. तेव्हा लेहचा फुगा पाहून हसणाऱ्या मित्रांना मी इतकेच सुचवीन, की हवेच्या तंबूतला सिनेमा आपल्या आबांच्या पहिल्या लॉरीहूनही जुना आहे.

हवेचे तंबू सगळे एकाच जातीचे नसतात, आणि या घोळामुळेच त्यांची बदनामी होते. एका जातीत नळ्या नसतातच. सगळ्या खोलीतच बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाबाची हवा भरतात आणि माणसे त्या हवेत बसतात. दार उघडून हवा जाऊ नये म्हणून एकामागे एक दोन दारे ठेवावी लागतात. इंग्लंडमधले मोटारींचे अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, रणांगणावरच्या रुग्णालयांसाठी अशा बिनखांबी तंबूचे पेटंट घेतले होते. अमेरिकेत मिनिआपोलिसच्या क्रीडागाराचे छप्पर याच जातीचे होते. १२ डिसेंबर २०१० रोजी बर्फाच्या भाराने ते फाटून खाली आले. कुणाला इजा झाली नाही, पण ते दृश्य जगभर दाखवले गेले आणि 'हवेवरचे छप्पर' म्हणजे काय याचे उदाहरण होऊन बसले. दुसऱ्या जातीत शिवणींतून हवा सतत निसटत असते आणि पंखा ती सतत भरत असतो. जत्रेत मुले ज्याच्यावर उड्या मारतात आणि ज्याला आमच्याकडे सरसकट 'मिकी माऊस' म्हणतात, तो असा. तिसरी जात बंद नळ्यांची: आत हवा धरणारी पिशवी, बाहेर भक्कम कापडाची बाही, तोंडाला व्हॉल्व्ह. एकदा हातपंपाने भरली की वीज नको, पंखा नको. गेल्या दहा-पंधरा वर्षांत युरोपातली कुटुंबे सहलीला असे तंबू घेऊन जाऊ लागली आहेत. सायकलच्या टायरपेक्षा कितीतरी कमी दाब त्यांना पुरतो, कारण नळी जाड असते. (ते आठपटीचे गणित!) मी ज्याची बाजू घेते आहे तो मुख्यतः हा तिसरा.

घरी मी हे सगळे मोठ्या उत्साहाने सांगितले तेव्हा आबांनी एकच शब्द उच्चारला: "काटा."

हा आक्षेप खरा आहे. आपल्या जत्रांची मैदाने म्हणजे बाभळीचे काटे, फुटक्या बाटल्या, बैलांच्या नालांचे खिळे. लोखंडी खांबाला काटा टोचत नाही. यावर कारखानदारांची तोड अशी, की प्रत्येक नळी वेगळी ठेवायची, दोन नळ्यांत हवेची वाट असली तर ती बंद करता येईल अशी ठेवायची. म्हणजे एक बसली तरी बाकीच्या तंबू धरून ठेवतात आणि तिची पिशवी बाहीतून काढून पंक्चर काढता येते. आई हे ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजी सोल्युशन लावून ठिगाळच की. फाटल्यालं तर दोन्ही कडं शिवायचंच हाय." मला वाटते या वादात यापेक्षा समतोल मत कोणी दिलेले नाही. उन्हाचाही एक प्रश्न आहे. दुपारच्या कडक उन्हात आतली हवा तापून दाब वाढतो, तेव्हा थोडी सोडावी लागते. पहाटेच्या गारठ्यात नळी ढिली पडते, तेव्हा भरावी लागते. म्हणजे तंबूवर लक्ष ठेवणारा माणूस लागणारच. तणावेही रात्रीच्या दवाने आवळतात आणि उन्हात ढिले पडतात. आबा रात्री दोनदा उठून तंबूभोवती फेरी मारीत. काम तेच राहील, हातात घणाऐवजी पंप येईल.

पण एक गोष्ट हवा मुळीच करीत नाही, आणि ती सांगितली नाही तर माझा लेख खोटा ठरेल. हवा तंबूला उभे करते. जमिनीला धरून ठेवत नाही. उलट तंबू हलका झाल्याने वाऱ्याचे काम सोपे होते. १६ डिसेंबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर डेव्हनपोर्ट गावी शाळेच्या मैदानावरचा मुलांचा असाच फुगवलेला किल्ला एका वावटळीने उचलला. सहा मुले गेली. हे वाचल्यापासून मी 'मेख' हा शब्द हलक्याने उच्चारत नाही.

डिसेंबरात आबांबरोबर मी एका लग्नाच्या मंडपावर गेले होते. मैदानाच्या कोपऱ्यात पोरांसाठी 'मिकी माऊस' आणला होता. आबा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले. त्याला बांधायला सहा कड्या होत्या. त्यांतल्या दोनच दोरीने अडकवलेल्या, त्याही विटांना. तो चालवणारा मुलगा माझ्याच वयाचा असेल. आबांनी त्याला काही न बोलता आमच्या मंडपाच्या ढिगातून मेखा आणल्या, डाव्या हाताने घण धरून माझ्याकडून आणि त्या मुलाकडून सहाही ठोकून घेतल्या, "दोराच्या उलट्या अंगाला तिरकी मार, सरळ न्हाई," असे प्रत्येक वेळी सांगत. मग त्या मुलाला विचारले, "लाईट गेली तर?" तो म्हणाला, "जाती की रोज." आणि खरोखर जेवणाच्या पंगतीच्या वेळी ती गेली. पंखा थांबला. आधी बुरूज कलले, मग भिंती मऊ पडल्या. त्या मुलाने पोरांना एकेक करून बाहेर घेतले, पोरे हसत घसरत उतरली. मी आबांकडे पाहिले तर त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. शंभराच्या पुढे मोजून झाले तेव्हा कुठे तो मिकी माऊस जमिनीवर पसरला. मोठा तंबू, मोठी गर्दी, एकच दार असे असते तर शंभर आकडे पुरले नसते, हे मला कळते. पण त्या एप्रिलच्या संध्याकाळी किती आकडे मोजता आले असते, हे मी आबांना विचारले नाही.

जिथे हात कमी आणि घाई फार, तिथे हवेने आपले काम दाखवले आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये काश्मीरच्या सीमाभागात मोठा भूकंप झाला, तेव्हा 'मेदसँ साँ फ्राँतिएर' या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पाकिस्तानातल्या मानसेहरा येथे फुगवलेल्या तंबूंचे रुग्णालय उभारले. जानेवारी २०१० मध्ये हैतीच्या राजधानीत पुन्हा तेच केले. तिथे रुग्णालय घेऊन येणारे विमान राजधानीत उतरू शकले नाही, शेजारच्या देशात वळवावे लागले आणि ते सगळे सामान ट्रकने रस्त्याने आणावे लागले. तरीही ते रुग्णालय उभे राहिले आणि त्यात शस्त्रक्रिया झाल्या. घरे पडली त्याच मातीत पुन्हा खांबांसाठी खड्डे घेत बसण्यापेक्षा हे बरे, असे कुणालाही वाटेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात आपल्याकडची गावेच्या गावे शाळांतून आणि मंगल कार्यालयांतून राहिली. मी तेव्हा शाळेत होते; आमच्या वर्गात माणसे राहायला आली म्हणून आम्हाला सुट्टी मिळाली, आणि तिचा आनंद झाला याची आज लाज वाटते. पूर ओसरल्यावर आपल्या दारात, चिखलात, चार दिवस डोक्यावर छप्पर धरता आले असते तर किती घरांची माणसे लवकर परतली असती, असे मला वाटते. चिखलात खांब रुततो. जाड नळीचे बूड रुंद असते.

सगळीकडे हवाच आणा असे मात्र मी म्हणत नाही. लग्नाच्या मांडवाला बांबू स्वस्त, हाताशी आणि चांगला आहे, आणि मुहूर्तमेढ म्हणून प्लॅस्टिकची नळी रोवू असे म्हटले तर आमची आजी मला घराबाहेर काढील. शिवाय हे तंबू महाग आहेत. ज्या टुरिंग टॉकीजना घरोघरच्या टीव्हीने आणि खिशातल्या मोबाईलने आधीच टेकीला आणले, त्यांतले कितीजण ते घेऊ शकतील?

आणि सर्वांत अवघड प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. खांबाचा तंबू उभा करायला आबांच्या टोळीत दहा माणसे लागत. हवेच्या तंबूला तिघे पुरतील. मग सात जणांचे काय? हा प्रश्न मला वाङ्मय मंडळातल्या कुणी विचारला नाही. तिथे प्राणाची चर्चा चालली होती. तो विचारला आबांच्या जुन्या टोळीतल्या एका काकांनी, आमच्याच ओट्यावर बसून, आणि माझ्याकडे सरळ पाहून. माझी पहिल्या वर्षाची फी ज्या पैशांतून भरली ते पैसे मंडपाचे खांब वाहून आलेले आहेत. 'कामात हाडे मोडतात म्हणून काम जावे' असे मी म्हटले, तर घरात चूल पेटायची कशावर? 'काम राहावे म्हणून हाडे मोडू द्यावीत' हे तर मी म्हणूच शकत नाही. रिळाचे मशीन जाऊन डिजिटल प्रोजेक्टर आले तेव्हा जुन्या ऑपरेटरांना 'तुमचे काम संपले' असे सांगण्यात आले. त्यांना नवे मशीन शिकवावे असे फारसे कुणाच्या मनात आले नाही. तंबूच्या बाबतीत तसे होऊ नये एवढे मला वाटते. लग्नातल्या त्या मुलाला फुगवायचे यंत्र येत होते, मेख येत नव्हती. आबांना मेख येते. वाचलेली मजुरी सगळीच मालकाच्या खिशात जाणार असेल, तर काकांचा राग योग्य आहे, आणि तो राग मी माझ्या हवेच्या भाषणाने शमवू पाहणार नाही. मी त्यांना त्या दिवशी उत्तर दिले नाही. चहा दिला.

सरांविषयी माझ्या मनात आदरच आहे, हे इथे नमूद करते. त्यांच्यामुळेच मी हे सगळे वाचले. पण पुढच्या वेळी मंडळात तंबूवर चर्चा ठेवाल तेव्हा तंबू ठोकणारा एखादा माणूसही बोलवावा, अशी माझी सूचना आहे. त्याला भाषण करता आले नाही तरी प्रश्न विचारता येतात. लेहचे ते छायाचित्र मी घरी आबांना दाखवले होते. त्यांनी चित्रपटगृहाकडे पाहिलेच नाही. दोन बोटांनी चित्र मोठे करीत करीत ते खालच्या कडेपर्यंत गेले आणि जमिनीलगतचा भाग बराच वेळ पाहत राहिले. "तितं सगळा दगूडच आसंल," ते म्हणाले. "दगडात कशी मारत्यात?"

आमच्या प्रयोगातल्या प्लॅस्टिकच्या नळीचे पुढे काय झाले असे मामेभावाने परवा पत्रात, म्हणजे मोबाईलवरच्या पत्रात, विचारले आहे. अरुंद रोल आईने कापून कुरडया-पापडांसाठी पिशव्या केल्या. रुंद रोलमधली चार हात नळी आबांनी बाजूला ठेवायला सांगितली आहे. परीक्षा संपली की तिच्या एका टोकाला सायकलची वालट्यूब बसवून पाहायची आहे.